बारा जग

माझ्या माहेरी, फ्रान्समधल्या बर्गंडीत, अर्धवट भरलेलं पिंप म्हणजे आळशाचं घर. वाइन हळूहळू आटते, वर हवा साचते आणि सगळं आंबून जातं. म्हणून पिंपं सतत काठोकाठ भरत राहायचं. हे काम मी सात वर्षांची असल्यापासून करतेय. मग लग्न होऊन जुराच्या डोंगरात आले, आठवडाभरात सासऱ्यांच्या माळ्यावर चढले आणि एक पिंप वीतभर रिकामं दिसलं, तर मी काय केलं असेल? तळघरातली पांढरी वाइन आणून ओतली. काठाशी आलेली पांढरी बुरशी फडक्यानं टिपून टाकली. सासरच्यांवर छाप पाडायची होती ना मला!

रविवारी जेवताना नवरा कौतुकानं सांगायला लागला. "ओडेट, वरचं ते पिंप बघितलंस? पाच वर्षं झाली त्याला. सहा पुरी होईपर्यंत कुणी भर घालायची नाही. वर पांढरी साय धरते, तीच वाइनला सांभाळते. भर घातली की साय मोडली, पिंप गेलं!"

मी उठून सगळ्यांना परत कोंबडी वाढायला लागले.

सांगायला हवं होतं, तिथंच. नाही सांगितलं. पुढचे तीन दिवस मी धुतलेली भांडी परत धुतली, माळ्याची शिडी अर्धी चढून उतरले. सासरे एमिलियां खोकले तरी मी दचकायचे. आज सांगू, उद्या सांगू, असं करत बुधवार उजाडला. त्या दिवशी सासरे नमुना काढायला वर गेले.

खाली आले. टेबलाशी बसले, पाव कापायला घेतला आणि सुरी खाली ठेवली.

"बाझिल, पिंप भरलंय. काठोकाठ."

नवरा उभाच राहिला. "कुणी भरलं?"

"कोण भरणार? ह्या गावात शेंबडं पोरसुद्धा असं करायचं नाही. मीच भरलं असणार. आठवत नाही, एवढंच." त्यांनी पाव बाजूला सारला. "माझ्या आईचंही ह्याच वयात असं सुरू झालं होतं. शेवटी मलाच विचारायची, तू कोण म्हणून. आता वरचं सगळं तू बघ. मला चढू देऊ नकोस."

माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. मला स्वतःची किळस आली.

"बाबा, मी भरलं."

"गप पोरी. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून खोटं नको बोलूस."

"शपथ घेते, मीच!"

"असं? किती ओतलंस?"

"बारा जग. निळा जग, तुटक्या कानाचा."

"कधी?"

"गुरुवारी. तुम्ही छाटणीला गेला होतात. आमच्याकडे भरतात हो बाबा, दर आठवड्याला! आणि साय... मला बुरशी वाटली. फडक्यानं पुसली."

"फडक्यानं?"

सासरे उठले. "पाच वर्षांची साय, फडक्यानं?" आणि जे सुटले! माझा बाप, त्याचे मळे, अख्खी बर्गंडी, कुणालाच सोडलं नाही. समोरच्या बाईनं खिडकी उघडली. शिव्या देता देता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मधेच ते मुलाचा दंड धरून हलवत होते, "ऐकलंस ना? हिनं केलं! मी नाही, हिनं!"

मग दम लागून ते थांबले.

"ओरडा बाबा," मी म्हटलं, "अजून ओरडा."