जागं राहायचं ठरलं होतं

रेडिओ दुरुस्त करणारे बाबा मेंदूच्या शस्त्रक्रियेला तयार झाले ते एकाच अटीवर: जागं ठेवायचं. उजव्या हाताचं कापरं इतकं वाढलं होतं की सोल्डरिंगचं टोक जागेवर टेकेना.

लेक त्याच रुग्णालयात मेंदूचे सिग्नल वाचायची. तिनेच समजावलं होतं. केसाएवढी तार मेंदूत उतरवायची आणि पेशींचा आवाज स्पीकरवर ऐकायचा. हव्या त्या जागी खरखर दाट होते.

"म्हणजे स्टेशन लावायचं," बाबा म्हणाले. "मग तेही मी ऐकणार, आणि हात थांबला की मीच सांगणार. माझ्या डोक्यात माझ्या पाठीमागे काही व्हायला नको, ठमे."

"शब्द देते, बाबा."

शुद्ध आली तेव्हा डोक्याला पट्टी होती, घसा सोलवटल्यासारखा दुखत होता. खरखर काही आठवेना.

"ऐकवणार कधी?"

ठमी सलाइनच्या नळीकडे बघत राहिली. "झालं, बाबा. भूल देऊन केलं. ताणाने तुमचं ब्लडप्रेशर चढलं असतं. भुलेत आवाज मंदावतो, पण भूल हलकी ठेवली की जागा सापडते."

"हे आज ठरलं?"

"मागच्या आठवड्यात."

"कागद तू पुढे केलास, मी डोळे झाकून सही केली. विचारायचं होतंस."

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणून नाही विचारलंस."

मेंदूतल्या तारेला वीज पुरवणारं यंत्र त्याच वेळी छातीत बसवलं होतं; महिन्याभराने ते सुरू करायचं होतं. तंत्रज्ञबाईंनी प्रवाह हळूहळू वाढवला. हात स्थिर झाला. बाबा त्याच्याकडे बघतच राहिले.

शेजारून ठमीने विचारलं, "बाबा, मुंग्या येतात? जीभ जड वाटते?"

बाबांनी बोटं उघडमीट करून पाहिली.

"हे तुम्हीच सांगायचं असतं. पडद्यावर दिसत नाही."

"माझ्या पेशींना विचार की. मी झोपलो की त्या तुझ्याशी छान बोलतात."

तंत्रज्ञबाईंनी मान खाली घातली. बाबा त्यांच्याकडे वळले. "तुम्हाला सगळं सांगतो. तेवढं या मॅडमना बाहेर बसायला सांगा."

ठमी उठली. दार लोटताना आतून बाबांचा आवाज आला, "बोटांत मुंग्या आहेत. जीभ ठीक आहे. जरा कमी करून बघा."