आवडीच्या टोपलीतली भिंगरी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी भिंगरी आहे. माझा लाल रंग कडेने उडाला आहे, पिवळ्या पट्ट्याचा नुसता संशय उरला आहे आणि टोक झिजल्यामुळे मी फिरताना जरा डुलते. पण खिडकीत बसून ऊन खाण्याइतपत अजून ठणठणीत आहे. चिमटीत मावणाऱ्या वस्तूची ती काय कहाणी असणार, असे तुम्हाला वाटेल. एके काळी मला मात्र वाटायचे, की सगळ्या चंदीगडात माझ्याइतके महत्त्वाचे कोणी नाही. ती घमेंड कशी उतरली आणि उतरल्यावर मला किती हलके वाटले, तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म सावंतवाडीच्या चितारआळीतला. लाकूड यंत्रावर गरगर फिरत असतानाच कारागिराने त्यावर लाखेची कांडी टेकवली आणि माझ्या अंगावर पट्टे उमटले. दुकानात लाकडी आंबे, केळी, भातुकलीची जाती यांच्या गर्दीत मी पडून होते. एक दिवस क्षितिजा आली. तिचे नुकतेच लग्न झाले होते, नवऱ्याची नोकरी चंदीगडच्या आयटी पार्कमध्ये होती आणि दुसऱ्या दिवशी तिला निघायचे होते. तिने मला उचलले, दुकानाच्या फळीवर एकदा फिरवले आणि पर्समध्ये टाकले. लोक म्हणतात, अमक्याच्या पायाला भिंगरी लागली. इथे भिंगरीलाच पाय फुटले.

चंदीगडात क्षितिजाने रीतसर प्रशिक्षण घेतले आणि ती बिहेवियर टेक्निशियन झाली. नाव भारदस्त आहे, काम मात्र बसून पाहण्याचे आहे. ज्या मुलांना मनातले बोलून दाखवता येत नाही, त्यांच्यासोबत ती बसते, खेळते आणि पाहते. मूल रडले तर त्याआधी काय घडले आणि नंतर त्याला काय मिळाले, हे ती टिपते. डोळ्यांना दिसले तेवढेच लिहायचे, मनाला वाटले ते लिहायचे नाही, हा तिथला दंडक. तिच्या टिपणांवरून तिच्या वरिष्ठ लीना मॅडम त्या मुलाला काय आणि कसे शिकवायचे ते ठरवतात. झाडांच्या रांगेमागच्या एका कोठीच्या, म्हणजे तिकडच्या बंगल्याच्या, तळमजल्यावर त्यांचे केंद्र आहे. मी क्षितिजाच्या टेबलावर पेपरवेटसारखी बसून असायची. दुपारी डबा खाताना ती मला एकदा फिरवायची आणि मी थांबेपर्यंत पाहत राहायची. तेव्हा तिच्या मनात चितारआळी असायची, हे मला बरोबर कळायचे.

मग अंबरीश आला. पाच वर्षांचा, गोरटेला, टाचा उचलून सतत पंजांवर चालणारा. त्याचे वडील हवाई दलात, आई पद्मिनी साताऱ्याकडची. अंबरीश बोलत नव्हता. ते पद्मिनीने पचवले होते. तिला वेगळेच दुःख होते. पहिल्याच दिवशी केंद्रात मराठी बोलणारी भेटली म्हटल्यावर तिने क्षितिजाजवळ मन मोकळे केले.

"हा काही मागतच नाही गं," ती म्हणाली. "पाणीसुद्धा नाही. मी आपली अंदाजाने देत राहते. एकदा तरी त्याने माझ्याकडे येऊन काहीतरी मागावं. चंद्र मागितला तरी चालेल."

वडिलांची बदली दिवाळीनंतर होणार होती. तोवर अंबरीशला मागायला शिकवायचे, असे ठरले. आता मागायला शिकवायचे तर मागावेसे वाटेल असे काहीतरी हवे. म्हणून आधी त्याची आवड शोधायची. त्याची एक पद्धत आहे. खेळण्यांची एक टोपली घ्यायची, तिला सगळे आवडीची टोपली म्हणतात. त्यातल्या दोन वस्तू टेबलावर सारख्या अंतरावर ठेवायच्या, डावी-उजवी बाजू बदलत राहायची, आणि मूल कोणती उचलते ते पाहायचे. आपला चेहरा मात्र कोऱ्या पाटीसारखा ठेवायचा.

टोपलीत साबणाच्या फुग्यांची बाटली होती, दिवा लागणारा चेंडू होता, एक मोटार होती. क्षितिजाला वाटले, घर मराठी आहे, एखादी आपल्याकडची वस्तूही असावी. तिने मला टेबलावरून उचलून टोपलीत टाकले.

आणि काय सांगू, अंबरीशने मला निवडले. मोटारीपुढे मला, चेंडूपुढे मला, फुग्यांच्या बाटलीपुढेही मलाच. बाजू बदलली तरी मलाच. मी तर फुगून टम्म झाले. चेंडूच्या पोटात बॅटरीचा दिवा, आणि तरी जिंकली कोण, तर सावंतवाडीची लाकडी भिंगरी. तो मला उचलायचा, क्षणभर हातात धरायचा आणि खाली ठेवायचा. फिरवायचा नाही. पोरगा लाजाळू आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. घमेंड चढली की समजुती आपोआप सुचतात.

लीना मॅडमनी टिपणे पाहिली, त्या वेळी काढलेला व्हिडिओही पाहिला आणि मान डोलावली. मग शिकवणे सुरू झाले. माझा फोटो काढून त्याचे एक कार्ड केले. अंबरीशने ते कार्ड क्षितिजाच्या हातात द्यायचे, की तिने लगेच मला त्याच्या हातात द्यायचे. कार्ड देणे हेच त्याचे मागणे. मागे दुसरी टेक्निशियन मनजीत बसायची आणि हळूच त्याचा हात पुढे करायची.

मनजीतने हात धरला की कार्ड जायचे. हात सोडला की कार्ड टेबलावर तसेच पडून राहायचे आणि अंबरीश छताकडे पाहायचा. आठवडे गेले. रस्त्यावरच्या बहाव्याची फुले केव्हाच गळून गेली, पाऊस येऊन गेला, कार्ड जागचे हलेना. पद्मिनी बाहेरच्या खोलीत पडद्यावर आतले सगळे पाहत बसायची. एकदा तिने विचारले, की त्याला मागायला जमणारच नाही का. क्षितिजा म्हणाली, थोडा वेळ द्या. आणि पुन्हा कार्ड घेऊन आत गेली. मी मात्र मनात रागावले होते. मी इतकी लाडकी, मग हात पुढे करायला काय होते?

एवढ्यात चतुर्थी आली. कोकणातला माणूस दुनियेच्या पाठीवर कुठेही असो, चतुर्थीला घरी गेलाच पाहिजे. क्षितिजाने रजा टाकली आणि ती गावी गेली. लीना मॅडमनी मनजीतला सांगितले, की कार्ड काही दिवस बाजूला ठेव आणि आवडीची टोपली पुन्हा एकदा करून बघ, कदाचित आवड बदलली असेल.

मनजीत कामाला एकदम चोख. तिने मला आणि मोटारीला टेबलावर ठेवले आणि स्वतः टेबलाच्या कडेकडे पाहत बसली. मी वाट पाहत राहिले. अंबरीशने माझ्याकडे पाहिले नाही. मोटारीकडेही नाही. त्याने डोळ्यांच्या कोपऱ्यातून मनजीतच्या तोंडाकडे पाहिले, पुन्हा पाहिले, आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला. पुढची जोडी, त्यापुढची जोडी, तेच. त्याने काहीच उचलले नाही. मित्रांनो, त्या दिवशी टोपलीत परत जाताना माझे तोंड एवढेसे झाले होते. चेंडू काही बोलला नाही, पण त्याचा दिवा उगीचच लागला.

क्षितिजा खाज्यांचा पुडा घेऊन परत आली. सगळ्यांनी खाल्ले. मग लीना मॅडमनी तिला आत बोलावले आणि तिचे जुने व्हिडिओ आवाज बंद करून लावले. टोपली तिथेच टेबलावर होती आणि टोपलीत मी. मॅडमनी पडद्याच्या ज्या बाजूला अंबरीश दिसत होता, तिथे आपला तळहात धरला.

"अब बच्चे को मत देखो," त्या म्हणाल्या. "खुद को देखो."

पडद्यावर क्षितिजा दोन वस्तू ठेवत होती. हात अगदी नियमाप्रमाणे, अंतर सारखे, बाजू बदललेली. आणि दर वेळी तिची नजर माझ्यावर यायची आणि तिथेच राहायची. ओठाची कड किंचित हलायची. ती नजर मला रोजची ओळखीची होती, म्हणून मला त्यात कधी काही वावगे वाटले नव्हते. आपला तो बाळ्या म्हणतात, तसे तिचे झाले होते. घरची वस्तू समोर दिसली की कोरी पाटी कोरी राहत नाही. क्षितिजाची आवड अंबरीशच्या नावावर लिहिली गेली होती, आणि जी वस्तू त्याला नकोच होती ती मागायला आम्ही त्याला इतके आठवडे शिकवत होतो.

क्षितिजाचे डोळे भरले. पोराचा वेळ फुकट घालवला, असे ती पुटपुटली. मॅडमनी तिला पाणी दिले आणि सांगितले, की व्हिडिओ त्यांनीही पाहिला होता, त्यांनीही फक्त मुलाकडे पाहिले, तेव्हा चूक दोघींची आहे. कान टोचावेत तर सोनारानेच, आणि त्याने फुंकरही घालावी.

माझे काय झाले असेल, विचारू नका. मी कधीच आवडती नव्हते. अंबरीशने मला कधी मनापासून उचललेच नव्हते. मला वाटले, आता लाकूड होऊन चुलीत जावे.

क्षितिजाने डोळे पुसले आणि व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. या वेळी तिने मॅडमचा हात बाजूला केला. अंबरीश, मग ती, मग अंबरीश. चिमणीने दाणा टिपावा इतक्या झटक्यात त्याची नजर तिच्या चेहऱ्यावर जाऊन येत होती. मग हात माझ्याकडे.

"मॅडम," ती हळू आवाजात म्हणाली, "मतलब वो मुझे देख रहा था. हर बार."

अंबरीशच्या फाइलीच्या पहिल्याच पानावर लिहिलेले होते, की हा मुलगा माणसांच्या चेहऱ्याकडे पाहत नाही. ते लिहिणारे खोटे नव्हते. त्याचे पाहणे त्यांना दिसण्याआधीच संपून जायचे.

त्यानंतर कामाची रीत बदलली. क्षितिजा त्याच्या मागे बसली, म्हणजे तिचे डोळे त्याला दिसणार नाहीत. त्याने खेळण्यांना हात लावला नाही, मान वळवून तिलाच शोधले. मग फुग्यांची बाटली एकटीच ठेवून पाहिली, तर तो तिथून उठून गेला. कोणीतरी फुग्यांकडे आणि मग त्याच्याकडे पाहत बसले, तर तोही बसला आणि हसला. मोटारीचे तेच, चेंडूचे तेच. त्याला कोणतेच खेळणे नको होते. दुसऱ्या माणसाने आपल्याबरोबर पाहावे, एवढेच त्याला हवे होते. आम्ही ते टोपलीत शोधत होतो आणि ते टोपलीच्या बाहेर, आमच्या समोरच बसले होते.

क्षितिजाने पद्मिनीला सगळे खरे सांगितले, स्वतःच्या चुकीसकट. पद्मिनी म्हणाली, "मी दिवसभर त्याचं करत असते, पण करताना लक्ष डब्यात, दप्तरात, घड्याळात असतं." मग माझ्या फोटोच्या जागी तिच्या हसऱ्या चेहऱ्याचा फोटो असलेले नवे कार्ड आले. ते हातात दिले, की आईने काम टाकून त्याच्याकडे पाहायचे. मनजीतचा हात आता थोडाच लागायचा, पण लागायचा.

दिवाळी होऊन गेली. सकाळी धुके पडू लागले, खोलीत हीटर लागला. शेवटच्या आठवड्यात पद्मिनी आतच बसली होती, पाठ वळवून, फोनवर सामान हलवणाऱ्यांशी बोलत. टेबलावर कार्ड होते, टोपली होती. क्षितिजाने मनजीतला खुणेने थांबवले. कोणी हलले नाही.

अंबरीश उठला. कार्डाजवळ गेला आणि पुढे सरकला. टोपलीत हात घालून त्याने मला काढले. खरे सांगते, क्षितिजा त्या वेळी भिंतीकडे पाहत होती. तो पंजांवर चालत आईपाशी गेला, मला तिच्या मांडीवर ठेवले आणि तिच्या बाहीला धरून ओढले. सोडले. पुन्हा ओढले. आणि तिच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला.

पद्मिनीने फोन खाली ठेवला. तिने मला चिमटीत धरले, पण तिचे डोळे त्याच्यावरच होते, त्यामुळे फिरवताच मी फरशीवर आडवी झाले आणि कोचाखाली गडगडत गेले. कोणी उचलायला आले नाही. कोचाखालून मला दोघांचे पाय दिसत होते. त्याच्या टाचा जमिनीला टेकल्या होत्या.

"क्षितिजा," पद्मिनीचा आवाज आला, "हे मागणंच ना गं?"

"हो, पद्मिनीताई. मागणंच आहे हे."

ती माणसे आता दुसऱ्या गावी आहेत. क्षितिजाने मला टोपलीतून कायमची काढली. नवे टेक्निशियन आले की ती मला दाखवते आणि सांगते, की ज्या वस्तूवर आपला जीव आहे ती मुलाच्या टोपलीत घालायची नाही. थोडक्यात, मी वाईट उदाहरण म्हणून प्रसिद्ध आहे. माझी तक्रार नाही. खिडकीत ऊन येते, बाहेर बहावा दिसतो, आणि दुपारी डबा खाऊन झाला की क्षितिजा मला एकदा फिरवते.

मित्रांनो, एवढेच मागणे आहे. तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत न बोलणारे एखादे मूल असेल. त्याच्यासाठी खेळणी घेऊन धावत जाऊ नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि ते जिकडे पाहत असेल, तिकडे थोडा वेळ पाहा. मग त्याच्याकडे पाहा. मी कोचाखाली पडले होते, मला कोणी शोधत नव्हते, आणि माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस होता.