पहिल्या जाळ्याची पैज

ताराचंदने पैजेत भलतंच मागितलं. संक्रांत झाली की करडीच्या तलावात पहिलं जाळं टाकायचा मान सव्वीस वर्षं यादोरावचा होता. तोच या साळ्याने मागितला, आणि यादोराव हसत "दिला" म्हणून बसला.

हरायचा प्रश्नच कुठे होता? यादोरावचा लेक जीवन लडाखात डंपर चालवायचा. तिथला तलाव गोठला, लोक वरून चालतात, असं त्याने कळवलं होतं. "खाली मासे जितेच असतील," ताराचंद म्हणाला. यादोरावला हे पटेना, आणि त्यावरच पैज लागली. कमळाचे कंद काढायला तो जन्मभर बुड्या मारत आला होता. जितकं खोल जावं, तितके पाय गारठतात. म्हणजे बर्फ तळापासूनच धरणार, आणि वर चालता येतं म्हटल्यावर मासे केव्हाच चिणले गेले असणार!

रविवारी जीवनचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा ताराचंदही शेजारीच बसला होता. पाणी भरायला लोकांनी बर्फात भोक पाडलं होतं. त्यावर त्याने फोन धरला.

"पाहून राहिले ना, बाबा?"

"काय पाहू? अंधार हाये नुसता!" यादोरावने ऐटीत मिशी कुरवाळली.

तेवढ्यात अंधारात काहीतरी चमकलं. शेपटी! मग दुसरी! यादोराव ताडकन उभा राहिला.

"अरे, जिता हाये! कसा फिरून राहिला पाह्य!"

"हारले, भाऊजी!" ताराचंद ओरडला.

ते यादोरावने ऐकलंच नाही. "पण जीवन, माह्या पायाले खाली थंडी लागते ते?"

जीवनने इंजिनीयर साहेबाचा थर्मामीटर दोरीने सोडला. बर्फाजवळ शून्य, तळाशी चार.

"तुमचे पाय खोटे नाही, बाबा. थंड होता होता पाणी जड होते, खाली बसते. पण चारच्या खाली गेलं का उलटं! हलकं होते, वर येते. बर्फ तं त्याच्याहून हलका. त्याचं वर झाकण बसते, खाली मासे मजेत."

यादोरावने मांडीवरून खाली पडलेलं जाळं उचललं. खालच्या काठाला शिशाच्या गोळ्या, वरच्या काठाला तरंगणारी भेंडं.

"म्हणजे तेच पाणी आधी गोळी, मंग भेंड! वा रे पठ्ठ्या!"

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या जाळ्यासाठी तलावाच्या पाळीवर सारं गाव जमलं. यादोरावने स्वतः ताराचंदच्या हाती जाळं दिलं, आणि भेटेल त्याला गोळी-भेंड सांगत सुटला.

"भाऊजी, चूप बसा न!" पाण्यातून ताराचंद कुजबुजला. "मासे पळून जाऊन राहिले!"

यादोरावने आवाज उतरवला, आणि बायकोच्या, मंगलाबाईच्या कानाशी लागून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.