पंपाला पांघरूण

पनवेलच्या त्या सोसायटीतला जलतरण तलाव डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात हिरवट पडू लागला, आणि त्याचा सारा दोष थंडीवर ढकलून पंप सांभाळणारा भगवान घरत मोकळा झाला. निदान आठवडाभर त्याला तसे वाटले.

पंपाची तऱ्हा अशी, की पहाटे चारला तो आपोआप सुरू होई, तासाभरात बंद पडे, आणि भगवान आठला येऊन बटण दाबी तेव्हा शहाण्या लेकरासारखा दिवसभर चाले. भगवानने जाळीतली वाळकी पाने उपसली, तलावाची पातळी वीतभर वाढवली, वायरी तपासल्या. सारे ठीक होते. ‘गारठतो साहेब, दुसरं काय नाय,’ असे त्याने सांगून टाकले. त्याच्या आज्या-पणज्यांनी उरणकडच्या मिठागरांत पाणी अडवले नि सोडले. तेव्हा पाण्यातले आपल्याला कळते, अशी त्याची समजूत होती.

सोसायटीचे सचिव सुशांत बर्वे यांना मात्र ही कारणमीमांसा पटेना. रविवारी दुपारी मुलांच्या शर्यती होत्या. तोवर पाणी नितळ झाले नाही तर सोमवारपासून काम तळोज्याच्या कंत्राटदाराकडे जाईल, असे त्यांनी भगवानला शांतपणे बजावले. शिवाय पंप कुणी मुद्दाम बंद पाडत असल्यास त्याची गय होणार नाही, मग तो कुणीही असो, असे सोसायटीच्या ग्रुपवर लिहूनही टाकले. चौपन्नाव्या वर्षी दुसरे काम कोण देणार, या विचाराने भगवानला जेवण गोड लागेना.

शुक्रवारी तो पहाटे साडेपाचलाच हजर झाला. पंप गप्प होता. त्याच्यावर रंगीबेरंगी तुकड्यांची गोधडी होती, चारी बाजूंनी नीट खोचलेली. भगवानने आत हात घातला आणि चटका बसून मागे घेतला. तेवढ्यात मागे चपला वाजल्या.

“हळू,” कुमुदबाई म्हणाल्या. “आत्ता कुठं झोपलाय.”

कुमुदबाई म्हणजे सचिवांच्या मातोश्री. वय शहात्तर, राहणे पंपाच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर. थंडी पडल्यापासून पंप पहाटे कण्हतो, म्हणून रोज दिवेलागणीला त्या त्याला पांघरूण घालत आणि साडेसहाच्या आत काढून नेत. गोधडी घातल्यापासून बिचारा तासाभरात निजतो, हे त्यांनी मोठ्या समाधानाने सांगितले.

भगवानने कपाळाला हात लावला. मोटार चालून चालून तापते, तिला वारा लागतो, कोंडली तर जीव वाचवायला ती आपली आपण बंद होते, हे त्याने परोपरीने समजावले. कुमुदबाईंचा चेहरा उतरला, पण क्षणभरच.

“मग कण्हत का होता?”

पहाटे चारला भगवान कधी आलाच नव्हता. मोटार निवल्यावर त्याने बटण दाबले. आत खडी घोळवावी तसा आवाज निघाला. पंपाच्या जाळीवरचे झाकण उघडले तर त्याखालची रबरी रिंग गारठ्याने लाकडासारखी ताठरली होती, आणि तिच्या भेगांतून पंप हवा ओढत होता. उन्हे आली की रबर सैल पडे, आवाज थांबे. ही रिंग दोन हिवाळे त्याने बदललीच नव्हती. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. आता आरोपी दोन होते.

दम्यामुळे मुलाने आपल्याला पहाटे खाली उतरायला बंदी केली आहे, त्याला कळले तर दाराला वरची कडी लागेल, असे कुमुदबाई कळवळून म्हणाल्या.

“आमी नाय सांगायचो, आई,” भगवान म्हणाला. “पन मग माझं काय?”

कुमुदबाई गोधडीची घडी घालू लागल्या.

दुपारपर्यंत नवी रिंग ग्रीस लावून बसली. शनिवारी पहाटे पंप न थांबता चालला होता, आणि दोषी माणसाला रंगेहाथ पकडायला सचिव स्वतः बॅटरी घेऊन उतरले. पंपाशेजारी भगवान उभा होता, आणि खुर्चीवर त्यांची आई कान टवकारून बसली होती. गोधडी तिच्या गुडघ्यांवर होती, आणि गोधडीत सुशांतच्या शाळेतल्या सदऱ्यांचे तुकडे होते. बॅटरीचा उजेड तिथेच थबकला. “ही मीच घालायचे पंपाला, त्यानंच तो बंद पडायचा,” कुमुदबाईंनी सांगून टाकले.

“भगवानदादा, तुम्हाला हे ठाऊक होतं? आणि लपवलंत?” सुशांतने सावकाश विचारले. “मग सोमवारचं आता...”

“सोमवारी याला काढायचं तर खुशाल काढ,” कुमुदबाई म्हणाल्या. “मग पंप कुणी बंद पाडला ते मीही ग्रुपवर लिहिते. नाव, फ्लॅट नंबर, सगळं.”

“आई, तुला ग्रुपवर लिहिता कुठं येतं?”

“मनस्वीनं शिकवलंय. तुझीच लेक, हुशार आहे.”

सुशांतने बॅटरी पाण्याकडे वळवली. तळाच्या निळ्या फरश्या दिसू लागल्या होत्या. मग त्याने भगवानला सांगितले, की अहवालात फक्त रिंगचे लिहावे, आणि सोमवारपासून चारला येऊन पंपाचा आवाज ऐकत जावा.

“त्याला कशाला एवढ्या लांबून चारला बोलावतोस?” कुमुदबाई म्हणाल्या. “मी जागीच असते.”

सुशांत जिना चढून गेला. खाली आला तेव्हा त्याच्या हातात आईची कानटोपी होती.