मक्याचा टेकू

आमच्या शिकारी झोपडीतल्या एका भिंतीवर शिंगं नाहीत, शेपटं आहेत. हरणांची नव्हे, शर्टांची. ज्याची गोळी हुकली, त्याच्या शर्टाचा मागचा सोगा वाइनोकाका मेंढ्या कातरायच्या कात्रीनं कापतो, भिंतीला खिळ्यानं ठोकतो आणि खाली नाव लिहितो. फिनलंडहून आलेले आमचे आजे-पणजे अमेरिकेतल्या या सुपीरियर सरोवराकाठच्या खाणींत उतरले, तेव्हापासूनचा हा कायदा. सरकारं बदलली, हा बदलला नाही.

त्या भिंतीवर सुलोची, म्हणजे माझ्या मेहुण्याची, इतकी शेपटं आहेत की एक गोधडी सहज निघावी. माझं एकही नाही. कारण सोपं आहे. जो झाडत नाही, त्याची हुकत नाही. मी जंगलात जायचो, बायकोनं, लेंपीनं, दिलेली मांस-बटाट्याची पेस्टी खायचो, डुलकी काढायचो आणि संध्याकाळी वर्णन सांगायचो. माझ्या वर्णनातली हरणं सुलोच्या खऱ्या हरणांपेक्षा नेहमीच मोठी असत.

त्या वर्षी मात्र सुलोनं चारचौघांत डिवचलं. "दाजी, तुमच्या बंदुकीला आवाज असतो का हो? की ती पण तुमच्यासारखी घोरतेच फक्त?"

"यंदा ऐकशील," मी म्हणून बसलो. तोंडातून गेलेला शब्द आणि नळीतून गेलेली गोळी, दोन्ही परत येत नाहीत.

त्यात भर म्हणजे लेंपीनं त्याच वर्षी आपल्या आईचं लोकरी कांबळं कापून दोन शर्ट शिवले होते, लाल-काळ्या चौकडीचे. मधल्या भागाचा मला, काठाकडचा भावाला. कोटाची गरज नाही इतके जाड. निघताना ती दारात आडवी आली.

"आईचं कांबळं आहे ते, आर्विड. सोग्यासकट परत आण. कापून आणलास तर घरात यायचं नाही, सौनात झोपायचं."

सौना म्हणजे आमच्या परसातली वाफ घ्यायची लाकडी खोली.

"नोव्हेंबरात?"

"शेगडी आहे की तिथं. लाकडं तू फोडायची."

म्हणजे गोळी झाडायची तर होती, पण हुकवायची नव्हती. आणि माझे हात असे, की कॉफीचा कप धरला तर कपात सरोवरासारख्या लाटा उठतात. माझं लपण म्हणजे बर्फात ठोकलेला कापडी तंबू, बसायला स्टूल, समोर खिडकी. कापडाच्या भिंतीला बंदूक टेकता येत नाही. तेव्हा पहिला प्रश्न आला टेकूचा.

शहरातल्या दुकानातून मी एक तिकाटणं आणलं. मूठ दाबली की पाय लांब होतात, सोडली की पक्के बसतात, असं दुकानदार म्हणाला. त्याचं दुकान उबदार होतं. तंबूतल्या थंडीत आतलं वंगण गोठलं आणि ते तिकाटणं बंदुकीसकट हळूहळू खाली वाकू लागलं, जसं पाद्र्यासमोर गुडघे टेकतंय. शिवाय त्याचे पाय तीन, स्टुलाचे तीन, माझे दोन. आठ पायांचा कोळी झाला तंबूत. मी उजवीकडे वळलो की कुठलातरी पाय कुठल्यातरी पायावर आपटायचा आणि अर्धा जिल्हा सावध व्हायचा.

"हे घ्या," म्हणत सुलोनं आपला टेकू पुढे केला. हॉकीच्या दोन मोडक्या काठ्या फुलीसारख्या बांधलेल्या. "जागा कमी लागते, आवाज नाही, पैसा नाही."

"आणि बंदूक डावी-उजवीकडे झुलते त्याचं काय?"

"झुलती तर झुलू द्या. हरीणही हलतंच की."

सुलोचं ऐकायचं नाही, याला माझ्याकडे सबळ कारण होतं. मागे एकदा त्यानं या काठ्यांवर बंदूक ठेवून दुर्बिणीतून नेम धरला. दुर्बीण असते नळीच्या वर. दुर्बिणीला हरीण दिसत होतं, नळीला मात्र खिडकीची खालची पट्टी. त्यानं स्वतःच्याच तंबूची शिकार केली. ते शेपूट भिंतीवर मधोमध आहे.

मग मी पिशवीकडे वळलो. ओंडक्यावर उपडी बादली, बादलीवर पिशवी, पिशवीवर बंदुकीचा लाकडी भाग. नळी नव्हे, लाकूड टेकवायचं, एवढं मलाही कळतं. उंची अशी जमली की मान वाकवावी लागेना. आधी पिशवीत वाळू भरली, तर रातोरात गोठून तिचा धोंडा झाला. वाळू ओतली आणि झोपडीतल्या पोत्यातला मका भरला. अहाहा! कोंबडी अंड्यांवर बसावी तशी बंदूक त्यात बसली. हात सोडले तरी हलेना.

वाइनोकाका चिलीम ओढत बघत होता. "आर्विड, मका कोण खातं रे?"

"कोंबड्या."

"आणि?"

म्हाताऱ्यांना उगाच प्रश्न विचारायची सवय असते, म्हणून मी पिशवीचं तोंड बांधायला घेतलं.

दुसऱ्या सकाळी लपणात बसलो. पेस्टी संपली, डोळा लागला. जाग आली ती कुरूम-कुरूम आवाजानं. वाटलं, सुलो चोरून वेलचीचा पाव खातोय. डोळा उघडला तर खिडकीत हरणाचं तोंड. पुरता नर, शिंगांचा पसारा असा की दोन चिमण्यांचे संसार त्यावर वेगवेगळे मांडता आले असते. पिशवीला भोक पाडून तो माझा टेकू खात होता.

नेम धरू म्हटलं, तर नळीचं टोक त्याच्या कानामागून बाहेर गेलेलं! बंदूक मागे ओढावी, तर पिशवी रिकामी होईल तशी ती खाली खाली चाललेली. त्याचा ओला श्वास माझ्या नाकावर येत होता. मी हळूच म्हणालो, "शुक." त्यानं माझ्याकडे पाहिलं, जसं जेवताना कुणी बिल पुढे करावं तसं, आणि आणखी आत घुसला. शिंगं खिडकीच्या जाळीत अडकली. त्यानं हिसडा दिला, तंबू हलला, बादली उडाली.

शिकाऱ्यानं अशा वेळी काय करावं? मी मागच्या पडद्यातून रांगत निघालो. शेपूट घालून, असं सुलो म्हणतो. पण माझं शेपूट शिकाऱ्यांच्या सक्तीच्या नारिंगी बंडीखाली चांगलं बाहेर लोंबत होतं. तेवढ्यात अख्खा तंबू डोक्यावर घेऊन नर माझ्यावरून उडाला. 'टर्रर्र' ऐकू आलं. तंबू झुडपात पडला आणि तो पांढरी शेपटी वर करून पळाला. शिंगाला लाल-काळी चौकडी फडकत होती.

झोपडीत न्यायसभा भरली.

"गोळीचा आवाज नाही," वाइनोकाका म्हणाला. "म्हणजे हुकली नाही. पण सोगा तर गेलाय."

"हरणानं नेला."

सुलो खाली बसून हसला. "काका, दाजींनी चाकूनं कापलाय. यांच्या गप्पांना आता कपडेही पुरेनात!"

"अरे, देवाशपथ."

"कुठल्या देवाची? तुमच्या गप्पा ऐकून तो कधीच दुसऱ्या गावी राहायला गेला. उद्या तुमचा तंबू पुन्हा ठोकून मी बसतो तुमच्या जागी, काठ्या घेऊन. बघू कुठलं हरीण झेंडा घेऊन येतंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही कॉफी ओतत होतो, तोच धाड् झालं. थोड्या वेळानं सुलो आला. टोपी डोळ्यांवर ओढलेली, हातात काही नाही.

"कुठाय हरीण?" काकानं विचारलं.

"हरीण कसलं? खारीवर झाडली. ती मोजत नाहीत."

"बरं. म्हणजे चौकडीचं हरीण आलंच नाही. आर्विड खोटारडा. लिहू का भिंतीवर?"

सुलोची मोठी पंचाईत झाली. हरीण पाहिलं नाही म्हणावं, तर दाजी जन्माचा खोटारडा ठरतो. पाहिलं म्हणावं, तर स्वतःची हुकलेली कबूल. त्यानं माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, मान खाली घातली.

"आलं होतं," तो पुटपुटला. "डाव्या शिंगाला चौकडी. मला इतकं हसू आलं, की काठ्या घसरल्या. खिडकीच्या पट्टीला पुन्हा भोक पडलंय, दाजी. भरून देईन."

काकानं कात्री काढली. माणूस कसाही असो, त्या घटकेला मी सुलोला मिठी मारली.

पण माझा शर्ट तर लांडाच होता. तेव्हा काकानं सुलोचा कापलेला सोगा माझ्या हातात ठेवला. "कांबळं तेच, चौकडी तीच. भिंत थांबेल. शिव."

मी रात्रभर शिवला. घरी पोचल्यावर लेंपीनं मला दारातच गर्रकन फिरवलं.

"हा निळा काठ कुठून आला?"

काठाकडचा शर्ट भावाला दिलाय, हे त्या शिवणारीला माहीत होतं. आम्हा तिघा शहाण्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. मी खरं काय ते सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सौनाची किल्ली हातावर ठेवली. सौनात झोप छान लागते, एवढं सांगतो.

वसंतात बर्फ वितळलं. हरणांची शिंगं हिवाळ्यात गळतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. एका सकाळी लेंपी परसातल्या सिडरच्या झाडाखालून शिंग घेऊन आली. डावं. त्याला लाल-काळी चौकडी गुंडाळलेली.

तिनं ती शिंगावरून सोडवली, झटकली. मग म्हणाली, "शर्ट काढ."

तिनं सोगा धुतला, शिवला. सुलोचा उसवून भिंतीकडे पाठवून दिला. वर मला म्हणाली, "एकदा खरं बोललास, तेव्हाच नेमका मी विश्वास ठेवला नाही. पण चूक माझी नाही, तुझ्या आजवरच्या बोलण्याची आहे."

आता माझ्या टेकूच्या पिशवीत काय भरायचं, ते लेंपी ठरवते. यंदा तिनं सिडरचा भुसा भरलाय. हलका, मऊ, गोठत नाही. थंडीत हरणं सिडरवरच जगतात, हे मी तिला म्हणालो.

"माहीत आहे," दोरा तोडत ती म्हणाली. "उजवं शिंग मिळायचं राहिलंय ना अजून."