भेज म्हणजे काय?

मित्रांनो, मी एक सागवानी कपाट आहे. वयाने जुने आणि स्वभावाने जरा चोंबडे! बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका सुताराने मला सुभानरावांसाठी घडवले. त्यांची जरीची पागोटी मी वर्षानुवर्षे सांभाळली. "वा, काय पॉलिश आहे!" असे पाहुणे म्हणत. पुढे घर बंद राहिले आणि मला विचारणारे कोणी उरले नाही.

यंदा सुभानरावांचा नातू यशराज साताऱ्याची नोकरी सोडून बडोद्याला परतला. सोबत बायको संयोगिता आणि आठ वर्षांची लेक देवश्री. जागा वाचावी म्हणून मला भिंतीला अगदी चिकटवले आणि शेजारी देवश्रीची खाट टाकली. पोर भारी चौकस! "आई, कपाटात एवढा काळोख येतो कुठून?" असले तिचे प्रश्न. मला फार आवडायची ती.

त्या भिंतीपलीकडे न्हाणीघर होते. हळूहळू माझ्या पाठीला गार लागू लागले, मग काहीतरी मऊ मऊ चिकटले. हे काय बुवा? पण मला मागे वळून कुठे बघता येते!

त्याच सुमारास देवश्री खोकू लागली. हसता हसता मध्येच उबळ यायची, श्वास घेताना छातीत शिट्टी वाजायची. संयोगिता तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि परत आल्यावर यशराजला फोनवर म्हणाली, "अहो, औषध दिलंय. घरी न्या म्हणाले, म्हणजे काळजीचं काही नाही." माझाही जीव भांड्यात पडला. खोकला मात्र हटेना.

एके दुपारी देवश्री शाळेतून धावतच आली.

"आई, भेज म्हणजे काय?"

"पाठव. हिंदी आहे ते."

"चूक! बाईंनी आज बर्फाचा ग्लास दाखवला, तो बाहेरून ओला झाला, त्याला त्या भेज म्हणाल्या. गुजरातीत भेज म्हणजे ओल! मग डॉक्टरकाका 'घरमां भेज छे?' म्हणाले, ते..."

संयोगिताने कपाळावर हात मारला. "अगं बाई! घरात ओल आहे का, असं विचारत होते ते! आणि मी आपली 'निघतोच' म्हणून उठले!"

मग देवश्रीने घरातली एकेक भिंत चाचपली. शेवटी माझ्या मागे हात घातला. बोटे काळी होऊन बाहेर आली.

संध्याकाळी यशराजने मला ओढून पुढे घेतले. तिच्या उशीच्या उंचीला भिंतभर काळी-हिरवी बुरशी, आणि माझ्या पाठीवरही! मित्रांनो, मी लाजेने अर्धे झाले. माझ्या लाडक्या पोरीच्या श्वासात माझ्याच पाठीवरची घाण जात होती.

"वरून रंग मारू," यशराज म्हणाला.

"रंगाखाली ओल तशीच राहील. आधी न्हाणीघरातला नळ दुरुस्त करू!" संयोगिता म्हणाली.

देवश्रीची खाट पुढच्या खोलीत गेली. संयोगिताने डॉक्टरांना सगळे सांगून नवे औषध आणले. गळका नळ दुरुस्त झाला, तोंडाला फडके बांधून दोघांनी भिंत साबणाने घासली, दिवसचे दिवस खिडक्या उघड्या ठेवून वाळवली. माझी कुजलेली पाठ काढून नवी फळी बसवली.

मित्रांनो, एवढेच सांगणे आहे, आमच्यासारख्यांना भिंतीपासून चार बोटे दूर ठेवा आणि अधूनमधून मागे डोकावा. आम्हाला ओरडता येत नाही हो.

आता दर रविवारी देवश्री माझ्या मागे हात घालून विचारते, "काय कपाटराव, भेज छे?" हात कोरडाच निघतो. मग ती हसते, मध्ये न खोकता, अगदी शेवटपर्यंत.