डोंगरआईच्या बाहुलीतलं भोक

सूर्य बांबूच्या डोंगराआड गेला, तशी तलावाच्या बांधावर मुंगी शिरायला जागा उरली नाही. अख्खं मेइशी गाव बांबूची स्टुलं, गरम पाण्याचे थर्मास आणि भोपळ्याच्या भाजक्या बिया घेऊन लोटलं होतं. पुढच्या तीन रांगा डोळ्यांच्या रोग्यांच्या. कुणाला मोतीबिंदू, कुणाचे डोळे सतत गळणारे. एका शिंप्याचे डोळे ठणठणीत होते, पण पुढची जागा मिळावी म्हणून तोही आल्यापासून ते चोळत बसला होता.

"आली! आई आली!"

पाण्यापलीकडे, पाऊण किलोमीटरवरच्या काळ्या कड्यावर, एक पांढरा गोल उमटला. चांगला घराएवढा. तिथे ना खांब, ना विजेची तार, ना चढायला वाट. आणि त्या गोलाच्या बरोब्बर मधोमध एक काळा ठिपका.

कांग महाराजांनी कमरेचा भोंगा सुरू केला. भाजीवाले वापरतात तसला भोंगा. मध्येच त्यातून "ताजे कोंब, कोवळे कोंब" अशी जुनी आरोळीही उमटायची, पण भक्तांनी तीसुद्धा मंत्रात धरली होती.

"लेकरांनो, याला उजेड म्हणू नका! ही डोंगरआईची नजर आहे. मध्ये बाहुली दिसते की नाही?"

"दिसते!"

"दिव्याला बाहुली असते? सूर्याला असते? डॉक्टरच्या यंत्राला असते?"

"नाही!"

"मग उघडा डोळे आणि आईच्या डोळ्याला डोळा भिडवा! सात संध्याकाळी. औषध नको, सुरी नको. आणि उदबत्ती लावू नका हो! माझ्या आईला धूर सोसत नाही."

"बघा, केवढा निर्मळ माणूस," मागे कुणीतरी म्हणालं. "दुसरा असता तर उदबत्त्यांचं दुकान टाकलं असतं."

दुसऱ्या रांगेत लियानझी उजवा डोळा तळहाताने झाकून डाव्याने कड्याकडे बघत होती. तिच्या डाव्या डोळ्यात नाकाच्या बाजूने एक काळा पडदा सरकत येत होता. जिल्ह्याच्या डॉक्टरने सोमवारी सांगितलं होतं की डोळ्याच्या आतलं अस्तर सुटत चाललं आहे, गुरुवारपर्यंत शस्त्रक्रिया झाली पाहिजे, नाहीतर डोळा जाईल. लियानझी तिथून उठली ती थेट बांधावर येऊन बसली. डोळ्यात सुरी घालू देणं तिला जमणार नव्हतं. आज तिची दुसरी संध्याकाळ होती.

शेजारी तिची थोरली बहीण हेचू होती. सदुसष्ट वर्षांची, हाताला ग्रीसचा वास, बोटं खरखरीत. लियानझी ऐकेना म्हणून आज ती सोबत आली होती. तिने कड्याकडे नीट पाहिलं आणि तिला फस्सकन हसू आलं.

"ताई, हसू नकोस. आई बघतेय."

"बघेल कशी? आईचा फोकस चुकलाय."

"हळू बोल गं बाई!"

हेचू हळू बोलली, पण गप्प बसली नाही. "ती बाहुली नाही, भोक आहे ते. आणि हे भोक कुणाच्या घरचं तेही मला ठाऊक आहे."

मेइशी हे टॉर्च करणाऱ्यांचं गाव. पण पुरा टॉर्च कुणीच करत नाही. एका घरात नळी कातायची, दुसऱ्यात स्प्रिंगा वळायच्या, तिसऱ्यात काचा बसवायच्या. हेचूने एकतीस वर्षं फक्त आरशाच्या वाटीचे साचे घासले. एलईडीचा बारीक दाणा त्या वाटीच्या पोटात बसतो आणि वाटी त्याचा पसरट उजेड गोळा करून सरळ काठीसारखा पुढे फेकते. साचा केसाच्या दहाव्या हिश्श्याइतका जरी चुकला तरी काठीचा झाडू होतो. पण तयार माल खोक्यात बंद होऊन बंदराला जायचा. तो कुठल्या देशातल्या कुठल्या रानात किती लांब पडतो, हे बघायला गावातलं कुणी गेलं नव्हतं. आपण काय करतो ते गाव आयुष्यभर पाच पावलांवरच्या भिंतीवरच बघत आलं होतं.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळीच, ती भाच्याच्या शेडमध्ये धडकली. बाओगेन टॉर्चची डोकी जुळवायचा.

"बाओगेन, कांग महाराजाला टॉर्च कुणी विकला?"

"महाराजाला नाही, मावशी. त्याच्या मेहुण्याला, दालूला. लांबचा हवा म्हणाला, बांबूच्या कोंबांवर रानडुकरं येतात. सगळ्यात मोठी वाटी दिली. बघ ना, हा त्याचाच भाऊ."

त्याने हाताशी असलेला टॉर्च भिंतीवर मारला. भिंतीवर नाण्याएवढा लखलखीत ठिपका पडला. बाओगेनची छाती फुगली. "सोनं आहे की नाही?"

"भिंतीवर सोनं. रानडुक्कर काय तुझ्या भिंतीला टेकून उभं राहणार आहे?"

"म्हणजे?"

"कितीदा सांगितलं रे गाढवा! भिंतीवर ठिपका बारीक यावा म्हणून तू दाणा पुढे सरकवतोस. मग सगळे किरण पाच पावलांवर एकमेकांना भेटतात. भेटले म्हणून थांबतात का? पुढे जाऊन फाकतात आणि मध्ये भोक पडतं. तुझ्या भोकाला काल चारशे माणसांनी हात जोडले. तुझी धाकटी मावशी त्याच भोकाकडे बघत डोळा घालवून बसणार आहे!"

बाओगेनने टॉर्च खाली ठेवला. "पण मावशी, तो टॉर्च त्यांच्याकडे. आता काय करायचं?"

"दुरुस्त करायचा. आपल्या गावचा माल असा सोडून देते का मी?"

उजेड सरळ जातो. कड्याच्या समोर, बांधाच्या मागच्या चढावर एकच छप्पर होतं, चहाची पानं वाळवायची जुनी शेड. दुपार कलताना हेचूने तिचं दार ढकललं. आत दालू एका पोत्यावर बसून बिया सोलत होता. खिडकीत तिवईवर टॉर्च, वर ओलं फडकं.

"कोण ते?"

"मी साचेवाली हेचू. वाटी कुणी पुसली?"

दालू गडबडला. चोर म्हणून पकडलं जाण्याची त्याने तयारी केली होती, पण हा प्रश्न त्याच्या तयारीत नव्हता. "मी... मीच. धूळ बसली होती."

"फडक्याने? अरे, त्या मुलाम्यावर बोटसुद्धा लावत नाहीत! हे बघ ओरखडे. लाज नाही वाटत?"

"चुकलं, आजी."

"आण इकडे."

आणि दालूने खरोखरच तो तिच्या हातात दिला. तिने टॉर्चचं डोकं फिरवून काढलं, डोळ्याजवळ धरलं आणि बियांच्या पिशवीचा कागद मागितला. खिशातल्या कात्रीने त्याची पातळ चकती कापली, मध्ये दाण्यापुरतं भोक पाडलं, वाटीच्या बुडाखाली ठेवली आणि डोकं पुन्हा आवळलं.

"एवढंच?" दालू म्हणाला.

"एवढंच. वाटी कागदाएवढी पुढे सरकली, दाणा आपल्या जागी आला."

"पण आजी, ते भोक... भावजी म्हणतात भोक हवंच. पहिल्या दिवशी मी म्हटलं, उजेडात डाग दिसतोय, आपण पकडले जाऊ. तर म्हणाले, वेड्या, डाग कसला, बाहुली आहे ती."

"हुशार आहे तुझा भावजी. हीच हुशारी डुकरं हाकायला लावली असती तर गावाचे कोंब वाचले असते. सरक. आज बटण मी दाबणार."

दालू सरकला. त्यालाही तीन आठवडे त्या पोत्याचा कंटाळा आला होता.

संध्याकाळ झाली. खाली बांध भरला. भोंग्याचा आवाज चढावर स्पष्ट येत होता.

"लेकरांनो, उघडा डोळे! ही बघा आली आई!"

हेचूने बटण दाबलं. कड्यावर गोल पडला, कालच्या निम्म्या आकाराचा पण कितीतरी लख्ख. खडकातल्या भेगा मोजाव्यात असा. एका कपारीतला बगळा दचकून उडाला. एवढ्या लांबवर आपली वाटी पोचलेली हेचूने जन्मात पहिल्यांदा पाहिली. क्षणभर ती कशाला आलीय तेच विसरली.

"बाहुलीला डोळा भिडवा!" भोंगा म्हणाला.

"कुठाय बाहुली?" एक म्हातारा ओरडला.

"मध्ये! नीट बघा, मध्ये!"

"मध्ये तर सगळ्यात जास्त उजेड आहे!"

भोंगा जरा खाकरला. "आईने... आज आईने डोळा मिटला आहे."

"मिटल्यावर उजेड वाढतो होय?" शिंपी म्हणाला, आणि पुढच्या रांगांत खसखस पिकली.

हेचूने तिवई हळूच फिरवली. डोंगरआईची नजर कड्यावरून घसरली, पाण्यावर उतरली, बदकांच्या रांगेवरून चालत बांधावर आली आणि थेट महाराजांच्या तोंडावर थांबली. महाराजांनी दोन्ही हातांनी डोळे झाकले. कोपराने भोंग्याचं बटण दाबलं गेलं आणि तो गरजला, "ताजे कोंब, कोवळे कोंब!"

चारशे माना मागे वळल्या.

हेचू टॉर्च हातात घेऊन चढ उतरली. मागून दालू, बियांची पिशवी सांभाळत.

"कुणाकडे उदबत्ती आहे? लावा मूठभर. महाराजांच्या आईला सोसत नाही, मला सोसते."

दोन बायकांनी पिशवीतून काढून लावल्या. धूर वर चढला आणि हेचूने त्यातून उजेड सोडला. हवेत एक पांढरीशुभ्र काठी दिसली, तिच्या हातापासून निघून थेट तलावाकडे झेपावणारी.

"म्हणून धूर नको होता," हेचू म्हणाली. "स्वच्छ हवेत बाजूने ही काठी दिसत नाही, निदान दिवसाचा उजेड पुरता सरला नसताना. धुरात दिसते. काठी दिसली की लोक विचारणार, ती धरलीय कुणी?"

टॉर्च हातोहात फिरला. आणि मग वेगळाच गोंधळ उडाला.

"अरे, या नळीचे आटे माझे!"

"ही रबराची कडी आमच्या सूनबाईची!"

"स्प्रिंग माझी आहे हो. दाब, दाबून बघ."

आपण आपल्याच मालाला नमस्कार घातला, हे ध्यानात यायला त्यांना थोडा वेळ लागला. आल्यावर मात्र सगळे एकदम कांग महाराजांकडे वळले. महाराज तोवर सावरले होते.

"आई साधनातूनच येते, लेकरांनो! तुमच्याच हातांनी आईने—"

"आमच्या हातांनी आली, तर तू कशाला मध्ये?" स्प्रिंगवाला म्हणाला.

बाओगेन पुढे आला. मान खाली घालून म्हणाला, "भोक माझं होतं. मावशी सांगत होती, मी ऐकलं नाही." मग त्याने सगळ्यांसमोर टॉर्चचं डोकं उघडून कागदाची चकती काढली, उजेड कड्यावर टाकला. बाहुली आली. चकती घातली. बाहुली गेली. तिसऱ्यांदा लोकच ओरडायला लागले, "घाल! काढ!" महाराजांनी तीन आठवड्यांत जेवढी करमणूक केली नव्हती तेवढी या कागदाने केली. त्या गडबडीत महाराज बांधाच्या टोकाला पोचले होते. भोंगा तेवढा मागे राहिला.

लियानझी मात्र स्टुलावरून उठली नव्हती. हेचू तिच्यासमोर उकिडवी बसली.

"तुला माझा राग आलाय?"

"नाही. भीती वाटतेय." तिने डाव्या डोळ्यासमोर हात हलवून पाहिला. "पडदा कालपेक्षा पुढे आलाय, ताई. इथे बसून मी तीन संध्याकाळी घालवल्या. आता डोळा राहील का?"

राहील गं, नक्की राहील, असं हेचूच्या अगदी ओठांवर आलं होतं. धाकट्या बहिणीला दुसरं काय सांगायचं? पण तेच शब्द तर भोंगा रोज सांगत होता.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मला वाट्या कळतात, डोळे कळत नाहीत. डॉक्टरने गुरुवारपर्यंत म्हटलंय, आणि आज बुधवार आहे. तो तपासून सांगेल. कदाचित त्यालाही पुरतं सांगता येणार नाही."

"मग त्याचा उपयोग काय?"

"तो खोटं सांगणार नाही, आणि शिकलाय तेवढं सगळं तुझ्या डोळ्यासाठी लावेल. दुखणार नाही अशी सुई आधी देतात. मी दाराशी बसेन."

लियानझी स्टुलावरून उठली. मग म्हणाली, "दाराशी नाही. आत सोडतात तिथपर्यंत ये."

बाओगेनने जिल्ह्याला जायला मालाची गाडी काढली. पुढच्या रांगांतले आणखी सहाजण मागे चढून बसले.

त्यांच्यातल्या किती जणांचे डोळे सुधारतील ते सांगता येणार नाही, आणि सांगता येत नाही तिथे तसंच म्हणावं. जो तुमच्याकडे न बघताच 'नक्की बरं होईल' म्हणतो, त्याच्यापासून आपला जीव जपा. जो म्हणतो 'थांबा, आधी मला बघू द्या', त्याच्या दारी वेळेत जा.